गीताबाईचा उतारा

"देवाची पळी हाये ती, देवाची! तिनं तीर्थ द्याचं असते. अन् तू तिच्यात दारू मोजून राह्यली?"

"मंग कशानं मोजू, आक्का? वाटीनं मोजली तं माणूस लोळते, चमच्यानं मोजली तं लटलट कापते. पळी बरोबर बसते."

"अवं, पण देवाची—"

"देवघरातली नाई ती. जत्रेतून वेगळी घेतली. सहा वर्षांत तिच्यात दुसरं काई पडलं नाई."

"म्हंजे सहा वर्षं झाले या घरात हे चालू हाये! महादेवा, आयकलं का?"

महादेवराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण ऐकलं नसल्यासारखं बसण्याची त्यांची हातोटी जुनी होती. अडकित्ता तेवढा थांबला.

मागच्या खोलीतून एक घोगरा आवाज आला, "बाई, भांडण चालू द्या तुमचं, माही काई हरकत नाई. पण पळी तेवढी पयले आनून द्या. हात काई आयकून नाई राह्यले."

या आवाजाने रुखमाबाई आणखीच भडकल्या. त्या महादेवरावांची थोरली बहीण. संग्रामपूरला दिलेल्या. नवरा गेल्यावर दिवाळीच्या आधी त्या मेहकरला भावाकडे कायमच्या राहायला आल्या, त्याला आता दोन महिने होत होते. या दोन महिन्यांत मागच्या खोलीत कोणी आलं नव्हतं, म्हणून भावजयीचा हा उद्योग त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. "दारू सोडवते," एवढंच त्यांना माहीत होतं. ती सोडवताना आधी पाजावी लागते, हे आज कळलं.

महादेवराव शेवटी बोलले. कोणत्याही भांडणात त्यांना एकच उपाय सुचत असे, तो म्हणजे भांडणातला शब्द काढून टाकणं.

"हे पाहा, आक्का. तुले ते नाव सहन होत नाई ना? मंग या घरात ते नाव आजपासून बंद. गीता दारू म्हणणार नाई, तू आयकणार नाई. झालं?"

"मंग मी काय म्हणू?" गीताबाईंनी विचारलं.

"काईबी म्हण."

रुखमाबाई नाक पुसून देवघरात गेल्या. शब्द बंद म्हणजे वस्तूही बंद, असं त्यांनी धरलं. महादेवरावांनी त्यांना तसं धरू दिलं. गीताबाई पदराआड बाटली घेऊन मागच्या खोलीत गेल्या, सहा पळ्या मोजून पितळी पेल्यात ओतल्या आणि म्हणाल्या, "घ्या, उकंडराव. तुमचा उतारा."

शब्द त्यांना लगेच सुचला. विंचवावर उतारा असतो, अजीर्णावर असतो, तसा हा. शिवाय यात रोज एकेक पळी उतरायचंच होतं.

मेहकरात त्यांना 'दारूवाल्या गीताबाई' म्हणत. परगावचा माणूस हे नाव ऐकून भलतंच समजे. एकदा लग्नाच्या वऱ्हाडातले दोघे जण भर दुपारी दारात येऊन "अर्धी बाटली द्या" म्हणाले होते. गीताबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, ताक पाजलं, आणि दारू केव्हापासून पिता, सकाळी हात कापतात का, असं विचारायला सुरुवात केली. ते ताक अर्धवट टाकून पळाले.

खरी गोष्ट अशी होती की ज्यांची दारू सुटत नाही अशा माणसांना त्यांचे घरचे छकड्यात घालून इथे आणत आणि गीताबाई त्यांना पंधरा दिवस मागच्या खोलीत ठेवून घेत. सहा वर्षांत एकोणीस माणसं राहून गेली. एकोणीसही आपल्या पायांनी घरी गेली. त्यातली किती पुन्हा कलालाच्या दुकानात गेली ते गीताबाई सांगत नसत. "माह्या दारातून जिता गेला ना? पुढचं त्याचं त्यानं पाहावं," म्हणत.

हे 'जिता' त्यांच्या तोंडी उगाच आलेलं नव्हतं. त्यांचं माहेर डोणगावचं. थोरला भाऊ निवृत्ती ऐन तिशीत सकाळी डोळे उघडल्यापासून प्यायचा. एके दिवशी घरच्यांनी ठरवलं की आता बस. त्याला गोठ्यात कोंडलं आणि थेंब दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचं अंग थरथरायला लागलं, भिंतीवर लाल मुंग्या दिसायला लागल्या. काका म्हणाले, याच्या अंगात देवी आली. सगळ्यांना आनंदच झाला, कारण देवी आली म्हणजे दारू गेली. कुंकू लावलं, आरती केली. आरतीचं ताट गीताबाईंच्या हातात होतं. त्या तेव्हा चोवीस वर्षांच्या, बाळंतपणाला माहेरी आलेल्या. चौथ्या दिवशी सकाळी निवृत्ती गेला. देवीनं नेला, असं गाव म्हणालं, आणि त्याही तेच म्हणत आल्या.

पुढे किती तरी वर्षांनी त्या मुलीचा ताप दाखवायला सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टर भगवंतराव समोरच्या एका म्हातारीवर ओरडत होते. "बारा वर्षांची दारू एका दिवसात तोडायची नसते, बाई! त्यानं माणूस मरतो. बारवेत उतरायचं तर पायऱ्यांनी उतरतात. उडी टाकतात का?"

म्हातारी गेली. गीताबाई बाकावरून उठल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, हे मले पुन्यांदा सांगा," म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवसाची थरथर, मुंग्या, घाम, आकडी, सगळं सांगितलं.

"मंग माह्या भावाले देवीनं नाई नेलं," गीताबाई म्हणाल्या, आणि मुलीचं औषध तिथेच विसरून घरी आल्या.

दवाखान्यात खाटा दोनच. त्यांवर बाळंतिणी आणि साप चावलेले. म्हणून गीताबाईंनी आपली मागची खोली झाडून घेतली.

त्यांच्या पद्धती डॉक्टरांकडून घेतलेल्या आणि थोड्या स्वतःच्या होत्या. ज्याचे डोळे पिवळे किंवा पोट फुगलेलं, त्याला ठेवून घ्यायचं नाही, बुलडाण्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. बाकीच्यांना पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तपासायचं. कोणाला बांधायचं नाही, कोंडायचं नाही, अंधारात ठेवायचं नाही, कारण अंधारात भिंतीवर जास्त दिसतं. दारू सरकारी दुकानातलीच, शिक्क्याची. भट्टीची नाही, कारण तिचा जोर आज एक, उद्या दुसरा. ती मोजून, प्रहराप्रहराला, आणि रोज पळी कमी. मधून ताक, आंबील, कुळथाचं कढण, गुळाचं पाणी. पळी देताना घरच्या माणसाला खोलीबाहेर काढायचं. दारू दिसली की बायको तरी रडते, नाही तर भाऊ म्हणतो, "मंग घरीच पाजत होतो की!"

आणि पान. माणसाला दोन्ही हात पुढे करायला लावून त्या बोटांवर पिंपळाचं एक पान ठेवत. पान स्थिर राहिलं तर उद्या एक पळी कमी. थरथरलं तर आज होती तेवढीच. उडून खाली पडलं तर डॉक्टरांना निरोप.

उकंडरावांचं पान पहिल्या दिवशी ठेवल्याबरोबर पडलं होतं. डॉक्टर सायकलीवर आले, छाती पाहिली, जीभ पाहिली, पापण्या ओढून डोळे पाहिले. "जपून," म्हणाले. "हा तिसऱ्या दिवशी दगा देईल."

उकंडराव सुलतानपूरचे. घरची जमीन चांगली, माणूस त्याहून चांगला, फक्त सूर्य उगवायच्या आत प्यायला लागायचा. आधीची तीन भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्या जन्मल्या आईने याला उकिरड्यावर टाकला आणि परत उचलून घेतला, म्हणून नाव उकंडा. "मले तं देवानं एकदा टाकून देल्लेलंच होतं, बाई," ते हसत सांगायचे. "आता दुसऱ्यांदा घेते का पाहू." त्यांची बायको कोकिळा सोबत आली होती. पळीचं भांडण झालं तेव्हा ती बालाजीच्या देवळात नवस बोलायला गेली होती, त्यामुळे त्यातलं तिने काहीच ऐकलं नाही. ती परत आली तेव्हा घर शांत होतं आणि नवरा कढण पीत होता. तिला वाटलं, नवसाचं फळ इतक्या लवकर!

त्या दिवशी जेवताना महादेवराव बायकोला म्हणाले, "एक सांगून ठेवतो. कापूस वेचून घरी येऊन राह्यला. मले जागा पाह्यजे. माणसं बरे होतात तवर मी काई म्हणत नाई. पण एक जरी माणूस या घरात मेला, तं मागची खोली कापसाले जाईल. मंग रडायचं नाई."

"नाई मरणार," गीताबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांना भाकरी गेली नाही. एकोणीस माणसांचं पुण्य विसाव्याला पुरत नाही, हे त्यांना माहीत होतं.

दुसरा दिवस बरा गेला. पुन्हा सहाच पळ्या. पान थरथरलं, पण पडलं नाही. घरात दारू हा शब्द कोणी काढला नाही. "उतारा देऊन येतो," एवढंच गीताबाई म्हणायच्या. रुखमाबाईंच्या कानावर ते पडायचं आणि त्या मनातून सुखावायच्या. एवढं बोलल्याचा उपयोग झाला. भावजय वळणावर आली. आता रीतसर उतारा टाकते, चांगलं आहे.

तिसऱ्या दिवशी जानेफळला गीताबाईंच्या लेकीच्या, प्रेमलाच्या, मुलाचं बारसं होतं. पहिला नातू. गीताबाई नाही म्हणत होत्या. महादेवराव चिडले. "लोकाच्या नवऱ्यासाठी लेकीच्या घरी जात नाई, हे जवयाले मी कोणत्या तोंडानं सांगू?"

शेवटी महादेवराव कापसाच्या वेचणीवर शेतात गेले आणि त्या एकट्याच सकाळच्या सर्व्हिस मोटारने निघाल्या. निघण्याआधी उकंडरावांना पळी दिली, पान ठेवून पाहिलं, बाटली आणि पळी कोनाड्यात झाकून ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात कोकिळा आणि रुखमाबाई दोघींना सांगितलं, "बाराले उतारा द्या, तीनले उतारा द्या. चुकवू नका. चार वाजता मी येतो." जिभेवर शब्द आला होता. पण समोर आक्का, आणि मोटार भोंगा वाजवत होती. "समजलं ना?"

"न समजाले काय झालं?" रुखमाबाई म्हणाल्या. "मी काय पयल्यांदा देऊन राह्यली का?"

गीताबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. मोटारीत त्या नातवासाठी कोणतं नाव ठेवतील याचा विचार करत बसल्या.

बारा वाजता रुखमाबाईंनी भाताचा मुटका केला. त्यावर कुंकू टाकलं, लिंबू कापलं, सात मिरच्या, मीठ, कोळशाचा खडा, सगळं सुपात घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन उकंडरावांवरून सात वेळा उतरवलं. उकंडराव कौतुकाने पाहत राहिले.

"हे झालं," ते म्हणाले. "आता पळी?"

रुखमाबाई देवघरातली स्वतःची पळी घेऊन आल्या आणि तीन पळ्या तुळशीचं तीर्थ त्यांच्या हातावर घातलं.

"आक्का, यात काई नाई."

"भाव ठेवा, भाव."

कोकिळाने सूप नेऊन तिवाट्यावर उतारा टाकला. ती मागे न पाहता परत आली, कारण मागे पाहायचं नसतं. पाहिलं असतं तर शेजारच्या बोकडाने भात खाऊन मिरच्याही खाल्ल्या आणि नाचायला लागला, हे तिला दिसलं असतं.

एक वाजता उकंडरावांना घाम सुटला. "कोकिळे, त्या कोनाड्यातली बाटली दे. बाईची पळी राह्यली."

"कायची बाटली?"

"दारूची. बाई मले थोडी थोडी देत असते."

कोकिळा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शरम नाई वाटत? दारू सोडवाले आनलं, अन् म्हणते बाईच दारू पाजते! बारा वर्षं खोटं बोलले, आता त्या देवमाणसावर आळ घेता?"

"अवं, खरंच देते! मोजून देते!"

"आक्का! आयका हो हे!"

रुखमाबाईंनी ऐकलं. त्या बाटलीत काय असतं, ते त्यांना ठाऊक होतं. पण महादेवाने ते घरातून बंद केलं होतं ना? मग बंद असणार. "दारूवाला मागतच असते, बाई," त्या कोकिळेला म्हणाल्या. "मागते म्हंजे उतारा लागू पडून राह्यला. घट्ट राहा." आणि कोकिळा घट्ट राहिली. बारा वर्षांत बायकोने एकदाही त्यांचा शब्द खोटा पाडला नव्हता. आज पहिल्यांदा ते खरं बोलत होते, तेव्हा पाडला.

तीन वाजता दुसरा उतारा झाला. सूप अंगावरून फिरत असतानाच उकंडरावांचे खांदे हलायला लागले. मग मान. मग सगळं अंग.

"थांब," रुखमाबाई सुपासकट मागे सरल्या. "अंगात येऊन राह्यलं!"

बातमी गल्लीत जायला वेळ लागला नाही. कुंकू आलं, कापूर आला, नारळ आला. पुष्पाबाई शेजारीण पोळ्या टाकायच्या सोडून आली, कारण तिची म्हैस परवापासून हरवलेली होती.

"देवा, माही म्हैस कुठी हाये?"

उकंडरावांचे डोळे भिंतीवर फिरत होते. "काया... काया मुंग्या... तिकडून येऊन राह्यल्या... त्या दारातून..."

"काया म्हणे! माही म्हैस कायीभोर हाये! दारातून म्हणजे उगवतीकडं! अवं, कोनी त्या मळ्याकडं पयवा गड्याले!"

लोकांनी हात जोडले. कोकिळा रडत होती, आनंदानेच. आपल्या नवऱ्यात एवढं काही असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

गीताबाई चारच्या थोड्या आधीच आल्या. बारशाच्या पंगतीत वाढलेलं पान तसंच सोडून त्यांनी मोटार धरली होती. का ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. दारात वहाणांचा ढीग पाहिला. कापराचा वास आला. मागच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन त्या उभ्या राहिल्या. समोर कपाळभर कुंकू लावलेला, घामाने निथळणारा, थरथरणारा माणूस होता आणि त्याच्यासमोर रुखमाबाई आरतीचं ताट धरून उभ्या होत्या.

गीताबाईंनी ते ताट हातातून काढून घेतलं आणि बाहेर अंगणात भिरकावलं.

"सारे बाहेर. सारे! पुष्पाबाई, तुमची म्हैस मंग पाहू. कोकिळा, पळत जा, डॉक्टरांले सांग उकंडराव कापून राह्यले. उतारा कितीदा देल्ला?"

"दोनदा देल्ला, बाई. तिवाट्यावर टाकून आली मी."

"टाकून?"

"उतारा टाकतेच ना, बाई?"

गीताबाईंनी कोनाड्याकडे पाहिलं. बाटली सकाळी होती तिथपर्यंतच भरलेली होती. त्या पुढे काही विचारणार, तेवढ्यात उकंडराव ताठ झाले, मागे कोसळले आणि त्यांना आकडी आली.

कोणी म्हणालं कांदा हुंगवा, कोणी म्हणालं दातांत चमचा घाला. गीताबाईंनी दोन्ही हाणून पाडलं. उकंडरावांना कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपलं लुगड्याचं बोचकं सरकवलं, आजूबाजूचं नारळ-दिवे बाजूला लोटले आणि त्यांच्या पाठीला हात लावून बसल्या. "कोनी धरू नका. सुटते. आपोआप सुटते," त्या म्हणत होत्या.

आकडी सुटली. डॉक्टर आले तेव्हा उकंडराव घोरत होते. ते थोडे सावध झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना एक औषध पाजलं. त्याचा वास असा उग्र की देवघरातली उदबत्ती त्यापुढे लाजली. दोन तास डॉक्टर खोलीतून हलले नाहीत. मग नाडी पाहून म्हणाले, "वाचला. काठावरून."

ओसरीवर महादेवराव आले होते, कापसाचा गाडा तसाच दारात सोडून. ते म्हणाले, "बस झालं. उद्या खोली रिकामी करतो."

"मेला नाई तो," गीताबाई म्हणाल्या.

"मेल्यासारखाच होता! आक्का, तुले अक्कल हाये का? तीर्थ पाजलं म्हणे!"

रुखमाबाई आतापर्यंत कोपऱ्यात बसल्या होत्या. आता उठल्या. "माही अक्कल काढतो? तूच म्हटलं ना, नाव बंद? ती म्हणे उतारा द्या. मी उतारा देल्ला. साठ वर्षांची झाली मी, उतारा म्हंजे काय ते मले आता तुमी शिकवाल? दारू द्या म्हटलं असतं तं मी भांडली असती, बोंबलली असती, पण समजलं तं असतं!"

महादेवराव अडकित्ता शोधायला लागले.

डॉक्टर वहाण घालत होते. ते गीताबाईंकडे वळून म्हणाले, "खरं बोलल्या त्या. तुम्ही पद्धत सगळी बरोबर बसवली आहे, पण ती तुमच्या एकटीच्या डोक्यात आहे. तुम्ही जानेफळला गेल्या, तर दवाखानाही जानेफळला गेला. इथे उरली ती फक्त खोली."

डॉक्टर गेले. गीताबाईंनी जोत्यावर बसून पाय खाली सोडले. मग रुखमाबाईंना म्हणाल्या, "आक्का, माह्या भावाची आरती मीच केली होती. असाच कापत होता तो." आणि निवृत्तीचं सगळं सांगितलं. गोठा, मुंग्या, काका, ताट. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण नवऱ्यालाही त्यांनी आरतीचं कधी सांगितलं नव्हतं.

रुखमाबाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत, सांत्वनही केलं नाही. म्हणाल्या, "मंग हे मले पयल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं? पळीवरून भांडत बसली माह्याशी."



पुढचे दोन दिवस डॉक्टर सकाळ-संध्याकाळ येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाईंनी उकंडरावांना, डोकं ठिकाणावर आहे का ते पाहायचा रोजचा प्रश्न विचारला, "वार कोनता आज?" ते म्हणाले, "वार सोडा, बाई. त्या बाईची म्हैस सापडली का?" सापडली होती, पण मावळतीकडच्या कोंडवाड्यात. "तरीच," उकंडराव म्हणाले, "मले देवाचं काम जमत नाई." कोकिळेला हसू आलं, मग रडू. ती नवऱ्याचे पाय दाबत म्हणाली, "खरं बोलले होते तुमी. मी आयकलं नाई." त्यावर ते म्हणाले, "माही सवय नव्हती ना तशी. तुह्यी काय चुकी?"

आकडीनंतरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी लोणारकडून एक छकडा दाराशी येऊन थांबला. आत एक तरणा माणूस कांबळ्यात गुंडाळलेला, सोबत बाप आणि बायको. बाप हात जोडून म्हणाला, "दारूवाल्या गीताबाईंचं घर हेच का? पोराले ठेवून घ्या, माय. कालपासून थेंब देल्ला नाई आमी."

गीताबाई छकड्यापाशी गेल्या. माणसाचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, बोटांवर पान ठेवलं. पान थरथरत होतं. त्या बापाला म्हणाल्या, "असेच सरळ दवाखान्यात जा. भगवंतराव डॉक्टर हायेत. त्यांले म्हणा, गीताबाईंनं धाडलं अन् कालपासून एकदम बंद केली हाये, हे पयले सांगा. ते म्हणतील तितकी दारू द्या, ते म्हणतील तवा द्या. कोंडू नका, उपाशी ठेवू नका. कापाले लागला तं आरती करू नका. मी आता घेत नाई."

छकडा वळला. घरातले सगळे दारात जमले होते. सहा वर्षांत दाराशी आलेल्या माणसाला, डोळे-पोट बरं असताना, गीताबाईंनी परत पाठवल्याचं कोणाला आठवत नव्हतं. महादेवरावांना वाटलं, आपलं म्हणणं अखेर पटलं. ते कापसाच्या गाड्याकडे निघालेसुद्धा.

"थांबा," गीताबाई म्हणाल्या. त्या ओसरीवर चढल्या आणि सगळ्यांकडे पाहून, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "खोली कापसाले मिळणार नाई. उकंडराव अजून दहा दिवस हायेत. आजपासून त्यांच्यापाशी आक्का बसतील. पान आक्का ठेवतील, पळी आक्का मोजतील, मी नुसती पाहीन. आक्काले सारं येईपर्यंत या घरात नवा माणूस घेणार नाई."